चिचटोल्यात रेंज आहे

चिचटोला हे गाव परकीय गुंतवणुकीस पात्र आहे किंवा नाही, हे ठरवण्यासाठी ऑक्टोबरच्या अकरा तारखेला सकाळी साडेदहा वाजता एक पांढरी गाडी गावात आली. बालाघाट जिल्ह्यात, लांजीच्या पुढे, जिथे डांबर संपून सागवान सुरू होतो तिथे हे एकशे सव्वीस घरांचं गाव आहे. आपण पात्र आहोत की नाही, हा प्रश्न गावाला तोवर पडलेला नव्हता.

गाडी पाठवणारा गुंतवणूक निधी युरोपातल्या एका थंड देशाचा होता. त्या देशात शेवटच्या म्हाताऱ्याच्या घरीही ब्रॉडबँड पोचून सतरा वर्षं झाली होती, त्यामुळे तिथला बाजार वाढायचा थांबला होता. वाढता बाजार हवा असेल तर जिथे काही नाही तिथे जावं लागतं, हे साधं अर्थशास्त्र. आणि काही नसणं आमच्याकडे विपुल प्रमाणात उपलब्ध आहे, हे आपण परिषदा भरवून, काजू खिलवून जगाला पटवलेलं होतं.

गाडीतून भोपाळच्या एका सल्लागार कंपनीचे मोहितसाहेब उतरले. त्यांच्या हातात टॅब्लेट होता आणि टॅब्लेटमध्ये बावीस प्रश्न. उत्तरं द्यायला खेमराज पुढे झाला. खेमराज पंचायतीतला निवडून आलेला पंच; गावात चारचाकी आली की पुढे व्हायचं, हे त्याचं पदसिद्ध कर्तव्य होतं. मोहितसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "आपके यहाँ रेंज है?"

आता, जंगलाला लागून असलेल्या या पट्ट्यात रेंज म्हणजे एकच, वनखात्याची. रेंजला रेंजर असतो, रेंजची जीप असते, रेंजने धरलं की सायकल जप्त होते. मोबाईलमध्ये जे येतं म्हणतात, ते चिचटोल्यात कधी आलंच नाही. आणि जे आलंच नाही त्याला नाव तरी कोण ठेवणार?

"हौ, है ना," खेमराज म्हणाला. "पक्की रेंज है."

कमजोर की मजबूत? फार मजबूत, मागच्याच हप्त्यात महागूची बांबूची मोळी गेली. कधीपासून आहे? इंग्रजांच्या वेळेपासून. रात्रीही असते का? रात्री तर जास्तीच असते. गावाचा असा कोणता भाग, जिथे ती पोचत नाही? असा भागच नाही साहेब, संडासाच्या मागेही पोचते. टॉवर आहे? आहे. जंगलातल्या आगीवर नजर ठेवायला वनखात्याने उभारलेला चाळीस फुटी लोखंडी टॉवर खेमराजने बोटाने दाखवला. मोहितसाहेबांनी 'टॉवर : होय' अशी नोंद केली. आगीसाठी वेगळा रकाना नव्हता.

शेवटचा प्रश्न समाधानाबद्दल होता. खेमराजने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "साहब, सच बोलूँ तो थोड़ी कम हो जाए तो अच्छा है."

मोहितसाहेब बारा वर्षं या क्षेत्रात होते. रेंज कमी करून मागणारा ग्राहक त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी माहिती वर पाठवायला बटण दाबलं. पडद्यावर चकती अर्धा तास फिरत राहिली. एवढी मजबूत रेंज म्हणजे वापरही तेवढाच असणार आणि लाईन भरून वाहत असणार, अशी टीप लिहून ते लांजीला गेले आणि माहिती तिथून पाठवली.

अहवाल दीड महिन्याने आला. 'चिचटोला : व्याप्ती शंभर टक्के, रात्री वाढीव. दीर्घ ऐतिहासिक परंपरा. अडचण : अतिपुरवठ्यामुळे ग्राहकांच्या मनात भीती.' निधीच्या बैठकीत ही ओळ म्हणे दोनदा वाचली गेली. मग ठरलं की चिचटोल्यात नवा टॉवर उभारण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे विश्वासाची, म्हणून गुंतवणूक विश्वासात करावी. विश्वासाला खड्डे खणावे लागत नाहीत, केबल ओढावी लागत नाही, आणि तो गंजतही नाही. त्याप्रमाणे गावाच्या तोंडाशी एक निळा फलक लागला : 'ब्रॉडबँड ग्राम चिचटोला. आपका विश्वास, हमारा निवेश.' खाली चौकोनी कोड होता. तो मोबाईलने टिपला की अधिक माहिती मिळेल असं लिहिलं होतं. लोकांनी टिपला. अधिक माहिती म्हणजे चकती.

इथवर कोणाचं काही बिघडलेलं नव्हतं. सरकारने अहवाल वाचला, तेव्हापासून बिघडलं.

चिचटोला तोवर नेटवर्क नसलेल्या गावांच्या यादीत होतं. यादीतल्या गावाला रेशन वहीवर सही घेऊन देता येतं. घनश्याम हा रेशन दुकानाचा सेल्समन. तो वही पुढे सरकवायचा, शेवंताबाई जीभ दातात धरून आपलं नाव लिहायची आणि तांदळाची थैली डोक्यावर घेऊन घरी जायची. शेवंताबाई बासष्ट वर्षांची, एकटी. चाळीस वर्षं तिने लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणी केली. आता गुडघे वाकेनात म्हणून कोणी बोलावत नव्हतं, आणि कोणी बोलावत नव्हतं म्हणून तो तांदूळ एवढंच तिचं जेवण होतं. फेब्रुवारीत चिचटोल्याचं नाव यादीतून सन्मानाने कमी झालं. एकतीस मार्चपर्यंत प्रत्येकाने मशीनवर ऑनलाईन ओळख पटवून द्यावी, अन्यथा शिधापत्रिकेतून नाव वगळण्यात येईल, असं पत्र आलं.

शेवंताबाईने खेमराजला त्याच्याच अंगणात गाठलं.

"काहून रे खेमराज, त्या साहेबाले तू काय सांगून ठेवलं?"

"काकी, त्यानं रेंज विचारली, मी रेंज सांगतली."

"मंग आता जेवाले रेंजरच्या घरी जाऊ का मी?"

खेमराज दुसऱ्याच दिवशी तक्रार करायला लांजीला गेला, कारण नेटवर्क नसल्याची तक्रार फक्त ऑनलाईन स्वीकारली जाते. तिथल्या मयुरी नावाच्या मुलीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून त्याने लिहवून घेतलं की चिचटोल्यात रेंज नाही, आहे असं चुकून सांगण्यात आलं. यंत्रणा अत्यंत आधुनिक होती. तिने 'रेंज' हा शब्द ओळखला आणि तक्रार क्षणात वनखात्याकडे वळवली. नकाशे तपासून उत्तर आलं की चिचटोला रेंजच्या हद्दीतच असल्याचे निर्विवाद सिद्ध होत आहे. रेंज नाकारून वनभूमीवर हक्क सांगण्यामागे आपला हेतू काय, याचा खुलासा सात दिवसांत करावा. तक्रारीपुढे शेरा होता : समाधानपूर्वक बंद.

खेमराजने दुसऱ्या तक्रारीत नीट 'नेटवर्क' लिहिलं. उत्तर त्याहून तत्पर आलं. सोबत पुरावा म्हणून एका जबाबदार लोकप्रतिनिधीच्या जबाबाची प्रत जोडलेली होती. खाली त्याचंच नाव.

राहता राहिला आगीचा टॉवर. त्याच्या अगदी वरच्या मचाणावर, लांजीकडे तोंड करून उभं राहिलं तर नेटवर्कची एक काडी येते, हा शोध घनश्यामचा. त्याने मशीन पोटाला बांधून वर नेलं. पावणेदोन आठवडे गाव शिडीला लागून वर चढत होतं, आपण आपणच आहोत असं सिद्ध करत होतं आणि उतरत होतं. वनरक्षकाने आधी आक्षेप घेतला, मग वर जाणाऱ्याने आग दिसल्यास कळवावी या अटीवर परवानगी दिली. महिनाअखेरीस गावात फक्त एका माणसाची ओळख पटायची राहिली होती. शिडीला बावन्न पायऱ्या होत्या आणि शेवंताबाईचे गुडघे मोजून दोन.

तीस मार्चला निधीचे लिंडहोमसाहेब आपला विश्वास पाहायला आले. सोबत मोहितसाहेब आणि कॅमेरेवाले. टॉवरवर चढणाऱ्या गावाची कल्पना त्यांना ऐकूनच फार आवडली. पण चढणारं आता कोणी उरलं नव्हतं, एक म्हातारी सोडून. मोहितसाहेबांनी तिला नवं लुगडं दिलं आणि खेमराजला तिच्यामागे उभं केलं. पडली तर दोघं एकदम पडावीत, अशी ती व्यवस्था असावी. चढण्याआधी लिंडहोमसाहेबांनी विचारलं की ब्रॉडबँडमुळे आपल्या जीवनात काय फरक पडला.

शेवंताबाई म्हणाली, "पहिले मी खालीच बसून सही करत होती. आता इतल्या वर चढा लागून राह्यलं, बाप्पा."

मोहितसाहेबांनी इंग्रजीत सांगितलं की बाई पूर्वी खाली होत्या, आता त्या खूप वर चढत आहेत. लिंडहोमसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

चढायला अडतीस मिनिटं लागली. निम्म्या वाटेवर शेवंताबाई खेमराजला म्हणाली की तू पंच झाला तेव्हा मी तुले मत देल्लं होतं, आता त्याची फेड होऊन राह्यली. मचाणावर पोचल्यावर घनश्यामने तिचा अंगठा मशीनवर टेकवला. चाळीस वर्षांच्या चिखलाने अंगठ्यावरची रेघ न रेघ गिळली होती. मशीन नाही म्हणालं. पुसून, तेल लावून, तेल पुसून आणखी तीनदा नाही म्हणालं. मग चेहरा दाखवून ओळख पटवण्याचा पर्याय उघडला. डोळे मिचकावा, अशी सूचना आली. तिने मिचकावले. चकती फिरू लागली आणि फिरतच राहिली, कारण ती एकुलती काडी तेव्हा कामात होती. मचाणाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून शेवंताबाईचं थेट प्रक्षेपण युरोपात चाललं होतं.

खेमराजने हात जोडले. "साहब, दो मिनट वो बंद करो. बुढ़िया का चावल है."

"बस, दो मिनट," मोहितसाहेब हळूच म्हणाले. "अभी उधर पूरा बोर्ड देख रहा है."

बोर्डाने अकरा मिनिटं पाहिलं. तोवर मशीनवर अक्षरं उमटली की प्रयत्नांची मर्यादा संपली आहे. शेवंताबाईने घनश्यामला विचारलं, "झालं का?" घनश्याम मशीन पोटाला बांधत राहिला.

एक एप्रिलला तिचं नाव निघालं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वारंवार संधी देऊनही लाभार्थी इच्छुक नाही.' निधीने योजनेचा दुसरा टप्पा मंजूर केला. परसवाड्याकडची अकरा गावं निवडली गेली. सगळी जंगलातली, सगळीकडे पक्की रेंज.

ती फिल्म तुम्ही पाहिलीच असणार. चाळीस सेकंदांची आहे, मागे बासरी वाजते. म्हातारी शेवटच्या पायरीवरून वर येते आणि हसते, तिथेच संपते. पुढचं कापलं आहे. तुमच्या घरच्या ग्रुपवर कोणीतरी 'जिद्दीला वय नसतं' असं लिहून टाकली होती. तुम्ही पंख्याखाली बसून ती पूर्ण पाहिलीत, तुमचे डोळेही थोडे भरून आले, आणि तुम्ही खाली अंगठा दिलात.

तुमचा पहिल्याच खेपेला लागला.