सरळ उभे असल्याचा दाखला

माणूस दोन पायांवर उभा राहतो, हा केवळ प्राथमिक अंदाज आहे. तज्ज्ञांनी लेखी दिल्याशिवाय तो ग्राह्य धरता येत नाही. म्हणूनच कंबर धरून येणाऱ्या प्रत्येकाची इस्पितळातल्या सात नंबरच्या खोलीत तोल-तपासणी होते. डोळे मिटायचे, हात छातीशी घ्यायचे, तीस सेकंद हलायचं नाही. गेल्या वर्षी चारशे बारा जण तपासले. चारशे नऊ डावीकडे कलले. (उरलेल्या तिघांनी भिंत धरली होती.) मणक्याचे विकार किती बळावलेत, हे या तपासणी विभागामुळे उघडकीस आलं आणि विभागाचं फार कौतुक झालं.

गवंड्याची ही तिसरी खेप. दाखला आणल्याशिवाय परांचीवर पाय ठेवायचा नाही, असं मुकादमाने बजावलं होतं, आणि महिनाभर घरी बसून तो बायकोवरही खेकसू लागला होता. दोनदा तो डावीकडे गेला, दोनदा त्याने आपल्याच कंबरेला शिव्या घातल्या. आज मात्र त्याने खाली नीट पाहिलं आणि पिशवीतली पाणसळ काढून फरशीवर ठेवली. बुडबुडा उजवीकडे पळाला.

"ताई, इथे आधी न्हाणीघर होतं ना?"

"असेल. काका, डोळे मिटा."

"अहो, हा उतार मीच काढलाय! पाणी मोरीकडे जावं म्हणून. फुटाला पाव इंच. बावीस वर्षं झाली, केसभर हललेला नाही!" त्याचा ऊर अभिमानाने भरून आला.

तपासनीस बाईंनी नोंद केली: 'डावा कल कायम. रुग्ण स्वतःचा दोष फरशीवर ढकलतो.'

अर्ध्या दिवसात फरशी सपाट करून देतो, असं त्याने कार्यालयात जाऊन सांगितलं. सूचना सगळ्यांना मनापासून पटली. फक्त इस्पितळाच्या फरशीला हात लावणाऱ्या कारागिराकडे तोलाचा दाखला लागतो, आणि तो सात नंबरच्या खोलीत मिळतो.

गवंड्याने जन्मात ओळंब्याबाहेर वीट ठेवली नव्हती. तो मुकाट परत आला, डोळे मिटले आणि उजवीकडे चांगला दोन बोटं झुकला. कंबरेतून सणकून कळ गेली. ओठ दाबून त्याने तीस सेकंद काढले. शिक्का बसला: 'सरळ'.

"आता फरशीचं बघता ना, काका?"

"राहू द्या हो ताई. उद्या कामावर जायचंय."

बाहेर रांगेत एक बाई कंबर धरून उभी होती. गवंडी हळूच तिला म्हणाला, "उजवीकडे कला."

विभागाच्या ताज्या अहवालानुसार विकार झपाट्याने आटोक्यात येत आहेत. सरळ असल्याचा एखादा कागद तुमच्याही कपाटात असेलच. कुठे झुकून मिळवलात, ते आम्ही विचारत नाही. फरशी तेवढी होती तशीच ठेवून आलात ना?