म्हातारा दाराशी आलाय

"आज या गावाच्या डोक्यातलं भूत उतरवूनच परतायचं!" ओइवा केत्तुनेनने गाडीतून उतरता उतरताच जाहीर केलं.

मागोमाग मार्केत्ताबाई उतरल्या. त्या निसर्ग केंद्राच्या साहेबीण. जंगल त्यांनी काचेच्या आतूनच पाहिलेलं, पण व्याख्यात्यांच्या माना मात्र त्यांच्या हातात! मागच्या दोन्ही गावांत ओइवाचे श्रोते कॉफी ढोसून मध्येच पसार झाले होते. आजची सभा शेवटपर्यंत बसली नाही, तर ओइवाला घरी बसवून भिंतीवर फिल्म दाखवायची, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं.

किविलाम्पी गावाचं सभागृह जंगलाला खेटून. ऑक्टोबर सरत आलेला, भर दुपारी उजेड मेल्यासारखा. तळ्यावरून धुकं सरपटत येत होतं. गावातलं एकही कुत्रं भुंकत नव्हतं. पडवीत, कॉफीच्या वेळेसाठी, मधाच्या पावांचं ताट झाकून ठेवलेलं.

"मंडळी, आजचा विषय, अस्वल!"

बाकं करकरली. सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. अपशकुन टळावा म्हणून कुणीकुणी बाकाच्या लाकडावर बोटं वाजवली.

खिडकीजवळच्या हिल्क्काआजी म्हणाल्या, "पोरा, मधुपंजा म्हण. नाहीतर म्हातारा म्हण. नावानं हाक मारली की येतो तो."

"आजी, अस्वलाला काय फिनिश कळतं?"

"तुझ्यापेक्षा बरं कळत असेल. तो निदान ऐकून घेतो."

लोक खो खो हसले. ओइवाचं टाळकं सरकलं. "हा अडाणीपणा बंद! या चार भिंतींत ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या नावानं बोलायचं! म्हातारा म्हणजे म्हातारा माणूस आणि अस्वल म्हणजे अस्वल! अस्वल! अस्वल! बघा, आलं का?"

कुणी हसलं नाही. बाहेर पडवीची फळी कुरकुरली. मग दुसरी. कुणीतरी जड, सावकाश चालत होतं. चालणं दाराशी थांबलं.

"आला," आजी पुटपुटल्या.

"कोण?"

"म्हातारा. दाराशी उभा आहे."

ओइवा खूश! उठून जाणारेच त्याने आजवर पाहिलेले, हा तर येणारा निघाला! "मग थंडीत कशाला ताटकळत ठेवलंय? घ्या की तुमच्या म्हाताऱ्याला आत!" तो तरातरा गेला आणि त्याने कडी काढली.

"माझ्या?" आजी म्हणाल्या. "माझा म्हातारा चर्चमागच्या मातीत निजलाय, पोरा. कितीतरी हिवाळे झाले."

ओइवाचा हात कडीवरच गोठला. दारापलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. ओल्या मातीचा वास आला. दारावरून नखं फिरली, हलकेच, आत येऊ का विचारल्यासारखी. भूत उतरवायला आलेल्या माणसाच्या मानेवरचे केस ताठ!

दार आपसूक उघडलं. धुक्यात उंच, काळं, ओलं काहीतरी दोन पायांवर उभं होतं.

"अरे देवा, अस्वलच आहे होय!" ओइवाचा जीव भांड्यात पडला.

पुढच्याच क्षणी भांडंही पडलं! एका उडीत तो कोपऱ्यातल्या जुन्या बाजाच्या पेटीवर. एक पाय भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. पेटी अशी विव्हळली, की थडग्यातल्यांनीही कूस बदलली असेल.

अस्वलाने मान तिरकी केली. ऐकू लागलं.

बाहेर जायला तेवढं एकच दार. माणसं बाकांना खिळलेली.

"थांबलास का?" आजी हळूच म्हणाल्या. "पाहुणा ऐकतोय. बोल की!"

"हे… हे आजोबा…" ओइवा थरथरत बोलू लागला, "थंडीत झोपतात. फार सज्जन. घराणं मोठं…" जरा अडखळला की अस्वल घशात गुरगुरायचं आणि तो पुन्हा सुरू व्हायचा. खाणंपिणं, गुहा, पिल्लं… सगळं व्याख्यान त्याने संपवलं. तेव्हा कुठे अस्वल वळलं, पडवीतलं पावांचं ताट त्याने चाटूनपुसून साफ केलं आणि ते धुक्यात विरलं.

मार्केत्ताबाई टेबलाखालून बाहेर आल्या. "ओइवा! शेवटपर्यंत एक माणूस उठला नाही! फिल्म रद्द. पुढचं व्याख्यान लांडग्यावर!"

"हळू, बाई, हळू!" पेटीवरूनच ओइवा कळवळला. खिडकीकडे बघत त्याने आवाज खाली आणला. "नाव कशाला घेता हो? शेपटीवाला म्हणा ना!"