मनोहर भाऊजींची डबी

चाळिशीला आलेला बिनलग्नाचा माणूस गुडीहत्नूरच्या भर बाजारात लाल नेलपॉलिशची बाटली मागतो, तेव्हा दुकानदार हसणारच. "कोनासाठी जी?" त्यानं विचारलं. "तांब्याच्या पट्टीसाठी," भाऊजी म्हणाले आणि बाटली खिशात घालून घरी आले.

हे मनोहर भाऊजी माझे धाकटे दीर. ओसरीवर रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओला "बोल बाप्पा, काय झालं तुले?" असं लाडानं विचारायचे, माणसांना मात्र तुटक उत्तर. त्या वर्षी त्यांनी गिटारचा पेडल करायला घेतला. म्हणजे पायानं दाबायची डबी. ती मधे जोडली की स्पीकरमधून सूर जाड येतो आणि लांबतो. आमच्या घरात गिटार नव्हती.

"काऊन रे, वाजवनार कोन? रेडिओ?" माझ्या मालकांनी चिडवलं.

"हौस हाय माही."

गिटार होती त्यांच्या दोस्ताची, राजन्नाची. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा आणि रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर सराव करायचा. कापसाच्या जिनिंग कारखान्यात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून तो यायचा बंद झाला. या रविवारच्या लग्नात जमलं नाही तर दुसरा माणूस आणतो, असं ऑर्केस्ट्रावाल्यानं त्याला बजावलं होतं.

"सूर लांबला तं बोटायले पळा लागत नाई, वैनी," भाऊजी मला हळूच म्हणाले. "दोन बोटांत भागलं पायजे."

डबीतली पट्टी म्हणजे एकाच बाजूला तांब्याचा पत्रा चढवलेली फळी. त्या तांब्यावर नेलपॉलिशनं रेघा काढायच्या आणि पट्टी औषधाच्या पाण्यात ठेवायची. उघडं तांबं विरघळतं, रेघांखालचं राहतं, त्याच डबीच्या तारा. भाऊजींच्या रेघा वाकड्या यायच्या. मी रांगोळी बरी काढते, म्हणून काम माझ्याकडे आलं. त्यांच्या कागदावरची नक्षी मी काडीनं जशीच्या तशी उतरवली.

मग भाऊजी पसरट भांड्यातलं ते तपकिरी औषधाचं पाणी हळूहळू झुलवत बसले. सासूबाईंना राहवलं नाही. "लग्न कर म्हटलं तं केलं नाई, आता पानी जोजवून राह्यला!"

पट्टी धुऊन भाऊजींनी कागदाशेजारी धरली, तेव्हा चूक दिसली. कागदावरची नक्षी सुटे भाग बसतात त्या वरच्या बाजूची होती. तांबं खालच्या बाजूला, तिथं ती आरशातल्यासारखी उलटी काढायला हवी होती. दुसरी पट्टी नागपूरहून येणार, आणि लग्न तर दोन दिवसांवर. मला रडूच आलं.

"तुमच्या रेघा झकास हायत, वैनी. कागद म्याच उलटा देल्ला." त्यांनी पट्टी उलटीपालटी करून बघितली. मग सगळे सुटे भाग त्यांनी तांब्याच्याच बाजूनं बसवले. "घरात जागा नाई, तं छतावर राहू."

शनिवारी त्यांनी राजन्नाला ओढूनच आणलं. त्यानं डावा हात टॉवेलात लपवला होता.

"मेरे से नहीं होता, मनोहर."

"वाजव कोन म्हनते? मले डबी तपासाची हाय. एक तार छेड, अन् जाय घरी."

राजन्नानं तार छेडली, पायानं डबी दाबली. सूर विझेना. तो चकित होऊन स्पीकरकडे बघत राहिला. टॉवेल खाली पडला. मग दुसरा सूर, तिसरा, आणि दोन बोटांत एक संथ चाल.

मी चहा घेऊन गेले. राजन्ना डोळे मिटून वाजवत होता. भाऊजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. हातात पेचकस होता, पण समोर आवळायला काहीच नव्हतं. मी दोन्ही कप उंबऱ्यावर ठेवले आणि आवाज न करता आत आले.