सुनेहून धाकटी सासू

गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. पुसेगावजवळच्या तांड्यावर स्तनाच्या कर्करोगाची तपासणी करणारी गाडी उभी होती आणि तिच्यासमोर एकतीस बाया. तपासणीचे वय पन्नास ते एकोणसत्तर होते. ते पंचेचाळीस ते चौऱ्याहत्तर केल्यास काय निष्पन्न होते, हे संशोधनास पाहावयाचे होते; म्हणून इथे हीच मर्यादा लागू होती. तांड्याने मात्र आपली वये आधारकार्ड काढतानाच दोन्हीकडून ताणून ठेवली होती.

नोंदणीस व्यंकटराव बसले होते. त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती : वय ठरवताना ते बाईकडे कधीही पाहत नसत.

"रूपाबाई रतनसिंग राठोड. जन्म एक जानेवारी एकोणीसशे पन्नास. शहात्तर. अपात्र."

"साहेब, कार्डवाल्यानं अंदाजानं लिवलं ते. माझी बहीण ह्याच रोगानं गेली मागल्या साली. लई भेव वाटून राहिलं. बघा की एकदा."

"भीतीला रकाना नाही, बाई. पुढे."

पुढे तिची सासू सुमनबाई काठी टेकत आली. तपासून घ्यायला नव्हे, सुनेची रदबदली करायला. व्यंकटरावांनी तिचेही कार्ड घेतले. जन्म त्रेपन्नचा. वय त्र्याहत्तर. पात्र!

"साहेब, ही माझी सून हाय. बहात्तरच्या दुष्काळात लगीन होऊन आली, तवा चौदा वर्साची पोरगी व्हती."

"साक्षीदार वयाने मोठा लागतो. तुम्ही सुनेहून तीन वर्षांनी धाकट्या आहात."

"म्हंजे आता मी इच्या पाया पडू?"

रांग खो खो हसली. व्यंकटराव हसले नाहीत. हसण्यालाही रकाना नव्हता.

"मंग माझ्या जागी इला घ्या. मला काहून तपासता?"

"पात्र व्यक्ती तुम्हीच." त्यांनी चिठ्ठी फाडून दिली.

सुमनबाईने चिठ्ठी कनवटीला लावली आणि सुनेचा दंड धरला. "बराबर. मंग ही संगं येईल. धाकट्या बाईनं एकटं कसं जावं? घरातलं थोरलं माणूस नको?"

व्यंकटरावांनी नियमावली उलगडली. वडीलधाऱ्या नातेवाईक स्त्रीस सोबत नेता येत होते. त्यांनी रूपाबाईची 'वडीलधारी' म्हणून सही घेतली व दोघींना आत सोडले.

पाऊण तासाने दोघी उतरल्या. व्यंकटरावांनी तंत्रज्ञ नीलांबरीस हटकले, "एका बाईची चार चित्रे काढतात. ही आठ कशी?"

"आजी फार हलल्या, सर. परत काढावी लागली," नीलांबरी मान वर न करता म्हणाली.

व्यंकटरावांनी 'हालचाल' असा शेरा मारला.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. नीलांबरीने तो फोनवर आधी रूपाबाईला वाचून दाखवला.

पात्र स्त्री एक, चित्रे आठ, दोष शून्य.