आधी राजूरचं काय ते बघू!

अकरा वर्षं मी अकरावी-बारावीच्या पोरांना वाणिज्य शिकवतेय. त्यात 'निर्णय कसा घ्यावा' असा एक अख्खा धडा आहे. त्यामुळे आमच्या बेलापूरच्या शिक्षण संस्थेनं मला कर्मचारी कल्याण निधीच्या गुंतवणूक समितीवर घेतलं, तेव्हा मी घरी जाहीर करून टाकलं, "महिनाभरात सगळं मार्गी लावते!" नवरा नुसता हसला. तो एका सहकारी संस्थेत नोकरीला आहे. मला राग आला. या सगळ्या प्रकरणात मला आलेला हा पहिला राग, आणि सगळ्यात लहान!

निधीत चौऱ्याऐंशी लाख रुपये होते आणि ते बचत खात्यात पडून होते. किती वर्षं? तर नऊ! का? तर 'हलवा' असं कुणी म्हटलं नाही म्हणून! अहो, माझी सासू विरजणाचं दहीसुद्धा नऊ तासांच्या वर एका भांड्यात ठेवत नाही!

आणि निवृत्त होणाऱ्या माणसाला आमच्याकडे जी भेट मिळते, ती या निधीच्या व्याजातूनच. येत्या मे महिन्यात पाळी होती आमच्या शिपाई छबूबाईंची. समितीवर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी म्हणूनही त्याच होत्या. तीस वर्षं शाळेची घंटा वाजवून झाल्यावर त्यांना आता घराच्या ओसरीवर पिठाची गिरणी टाकायची होती. श्रीरामपूरच्या दुकानात जाऊन, गिरणीवरून हात फिरवून, पाचशे रुपये इसार देऊनसुद्धा आल्या होत्या.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "ह्या बचत खात्याच्या व्याजात निस्ती मोटार यील. दगडं कुठून आनू?"

मी पेटले! बावीस पानांचा आराखडा तयार केला. अर्धे पैसे सरकारी रोख्यांत, अर्धे दोन मोठ्या बँकांच्या ठेवींत. मुदत किती, धोका किती, कोणत्या महिन्यात किती व्याज येणार, सगळं! शिवाय रंगीत आलेख. रंगीत छपाईचे पैसे माझ्या पदरचे, हेही सांगून ठेवते.

जूनमध्ये सभा भरली. समितीचे अध्यक्ष सूर्यभान तात्या. डाळिंबाचे मोठे बागायतदार. स्वतःच्या रानात बोअर कुठं घ्यायचं हे उभ्या उभ्या ठरवणारा माणूस. त्यांनी माझा आराखडा हातावर तोलून बघितला.

"काम लई झ्याक हाय, म्याडम! पन राजूरवाल्यांनी काय केलंय?"

राजूरला आमच्यासारखीच एक संस्था आहे आणि तिचाही असाच निधी आहे.

"तात्या, राजूरचा इथं काय संबंध?"

"आसं कसं? त्यांचा निधी आपल्याहून मोटा. हे बघा, आपन एकलेच फुडं गेलो आन् बुडालो, तर लोक म्हनतील सूर्यभाननं बुडवलं. समद्यांसंगट बुडालो, तर म्हनतील बाजारच पडला!"

मी सचिवांकडे, अंगद सरांकडे बघितलं. ते शांतपणे वही पुढे सरकवत होते. वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'सविस्तर चर्चा होऊन राजूर येथील संस्थेची पाहणी करण्याचे एकमताने ठरले. सूचक : वृषाली मॅडम.'

"सर, हे कधी लिहिलंत?"

"काल. सभेच्या दिवशी वेळ कुठे मिळतो?"

"आणि सूचक मी?"

"तुम्हीच तर विषय काढलात!"

ऑगस्टमध्ये जीप करून आम्ही निघालो. संगमनेर, अकोले करत राजूर. तिथल्या निधीचे प्रमुख कानिफनाथ सर फार अगत्यशील माणूस. मी चार वेळा विचारलं, "सर, तुम्ही पैसे कशात गुंतवलेत?" चारही वेळा ते म्हणाले, "आधी जेवून घ्या." मासवडी झाली, रस्सा झाला, भाकरी झाली, भात झाला. मग सुपारी कातरत कानिफनाथ सर म्हणाले, "आमचं व्हय? आमी तुमचीच वाट बघतोय! तुमी बाजारपेठेतली मानसं. तुमी काय करता ते बघून आमी करनार."

मला वाटलं, आता तरी तात्या खजील होतील. छे! तात्यांची छाती फुगली. "आमचं ठरल्यात जमा हाय!" ते म्हणाले. मी "काय ठरलंय?" म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. येताना दोन किलो पेढे आणले. खर्च 'अभ्यासदौरा' या नावाखाली!

सप्टेंबरच्या सभेत आमचा ठराव झाला : 'राजूर येथील संस्थेने ज्या ठिकाणी व ज्या प्रमाणात गुंतवणूक केली असेल, त्याच ठिकाणी व त्याच प्रमाणात आपणही करावी.' टाळ्या! चारच दिवसांत बँकेच्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुमचा ठराव मिळाला. आमच्या राजूरच्या शाखेतही त्यांचा ठराव आलाय. त्यात लिहिलंय, बेलापूरने करावं तसं आपण करावं. आता पैसे पाठवू कुठे?"

मी तशीच तात्यांच्या बागेत गेले. एवढी चिडले होते की चपलेत काटा घुसलेला घरी आल्यावर कळला. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग ह्यात वाईट काय? दोगांचं एकमत हाय की!"

"तात्या, अहो, पैसे जागेवरच आहेत!"

"तर मंग तिसऱ्याला इचारा. मिरजगावला फोन लावा."

मिरजगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या निधीचे अध्यक्ष करणदादा, तरुण, कडक इस्त्रीचे पुढारी. फोनवर म्हणाले, "आमचा ठराव कवाच झालाय, म्याडम! जिल्ह्यातल्या दोन नामांकित संस्थांच्या पावलावर पाऊल टाकायचं."

"कोणत्या दोन?"

"राजूर आन् बेलापूर!"

मी फोन ठेवला. त्या दिवशी अकरावीच्या वर्गावर मी विनाकारण ओरडले. पोरांचा काही दोष नव्हता. पण तीन संस्थांचे मिळून दोन-अडीच कोटी रुपये एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेत आणि मी 'निर्णयप्रक्रियेचे टप्पे' फळ्यावर लिहितेय! कुणाचं डोकं फिरणार नाही?

तास संपल्यावर छबूबाई टेबल पुसायला आल्या. माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या.

"बाई, तुमी बावीस पानं लिवली. तितं एकच वळ लिवायची हुती."

"कोणती?"

"'मिरजगावनं केलं.'"

"पण त्यांनी केलेलं नाही ना!"

"आपन केल्याव करतील की."

मला संताप आला. मी शिक्षिका! मी भर सभेत खोटं बोलू? माझी काही तत्त्वं आहेत, असं मी छबूबाईंना ठणकावून सांगितलं. ती तत्त्वं दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत टिकली. चारला सभा होती.

"मिरजगावनं अर्धे पैसे सरकारी रोख्यांत आणि अर्धे दोन मोठ्या बँकांत टाकले म्हणे," मी खिडकीबाहेर बघत म्हणाले.

तात्या खुर्चीत ताठ झाले. "कवा?"

"मागच्या आठवड्यात."

"आन् आपन हितं पेढं खात बसलोय! अंगद सर, लिवा!"

अंगद सरांनी वहीत आदल्या दिवशीच 'विषय तहकूब' असं लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते खोडलं. त्यांच्या वहीत झालेली ती पहिली खाडाखोड! सगळ्याला मिळून चार मिनिटं लागली. रोखे म्हणजे काय, हे कुणीही विचारलं नाही. माझा आराखडा कुणी उघडला नाही. चार मिनिटं! बावीस पानांना चार महिने, आणि एका थापेला चार मिनिटं!

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. बेलापूरनं केलं म्हणून पंधरा दिवसांत राजूरनं केलं. दोघांनी केलं म्हणून महिन्याभरात मिरजगावनं केलं. म्हणजे मी खोटं बोललेच नव्हते, फक्त तारीख चुकली होती!

एप्रिलमध्ये व्याजाचा पहिला हप्ता जमा झाला. छबूबाईंची गिरणी दगडांसकट येईल, एवढी भेट निघाली. मी खूश होते. तेवढ्यात तात्या म्हणाले, "ज्यांच्यामुळं आपल्याला वाट गावली, त्या करणदादांचा सत्कार कराया पायजे. छबूबाईच्या निरोपाच्या टायमालाच करून टाकू. एकाच मांडवात दोन कामं!"

करणदादा खरं बोलले तर? 'आम्ही सगळ्यात शेवटी केलं' एवढं एक वाक्य बोलले तरी संपलं! तात्या चौकशी लावणार, आणि चौकशी संपेपर्यंत भेट अडकणार. छबूबाईंचा चेक सत्कारानंतर द्यायचा होता. तो तात्यांच्या खिशात होता.

शाल झाली, नारळ झाला. शाल मीच श्रीरामपूरहून आणली होती. करणदादा माइकसमोर उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोन कुणी केला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

"मंडळी, खरं सांगायचं तर..."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"खरं सांगायचं तर, निर्नय सोपा न्हवता! महिना-महिना आब्यास केला. जिल्ह्यात कुनी फुडं याया तयार न्हवतं. पन कुनीतरी पैलं पाऊल टाकायलाच लागतं!"

टाळ्यांचा कडकडाट! तात्यांनी तर डोळे पुसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पहिलं पाऊल? यांचं? मी अर्धी उठलेच! शेजारून छबूबाईंनी माझा पदर धरून मला खाली ओढलं.

"बाई, गप बसा. माजा चेक आजून तात्यांच्या खिशात हाय."

मी बसले. टाळ्या वाजवल्या. चेक छबूबाईंच्या हातात पडेपर्यंत वाजवत राहिले. तेवढ्यात अंगद सरांनी आभारप्रदर्शनासाठी माझं नाव पुकारलं आणि हातात एक कागद दिला. आदल्या दिवशीच लिहिलेला. 'करणदादांच्या दूरदृष्टीतून आम्हाला पुष्कळ शिकायला मिळाले', ही त्यातली पहिली ओळ. मी वाचली. तात्यांनी खूण केली म्हणून दोनदा वाचली!