सिद्रामअण्णांचा गांजाचा ठराव

स्वतःच ठराव मांडून स्वतःच त्याच्या विरोधात हात वर करणारा माणूस माझ्या सगळ्या नोकरीत मला एकच भेटला. सिद्रामअण्णा. नळदुर्ग आणि जळकोटच्या मधल्या एका गावात मी सोसायटीचा सचिव होतो. दुष्काळाचे दिवस होते. शाळेच्या व्हरांड्यात वार्षिक सभा भरायची. खत, बियाणं, वसुली असे विषय उरकले की चेअरमन जांभई देत विचारायचे, "ऐनवेळचा काही विषय?" की खांबाला टेकून बसलेले अण्णा टोपी सारखी करत उठायचे.

"सभासदहो, इचार करा. सरकारनं गांजा खुला करावा, असा ठराव म्या मांडतो."

सभा खो खो हसायची. अण्णा मात्र कधी हसत नसत. ते शांतपणे फायद्याची बाजू मांडायला लागत.

"निजामाच्या वक्ताला लायसनची दुकानं व्हती. काय बुडालं? ह्या झाडाला पानी लई लागत न्हाय. आपली ज्वारी करपली तरी ते उभं ऱ्हातंय. सोसायटीनं लावावं, दवाखान्यात ठिवावं. दुखन्याला लई गुनाचं हाय. ज्याला झोप न्हाय त्याला झोप लागती."

एवढं बोलून अण्णा तांब्यातलं पाणी पीत, आणि चक्क चालत जाऊन समोरच्या खांबाला टेकत. तो खांब तोट्याच्या बाजूचा. तिथून ते मघाच्या खांबाकडे बोट दाखवून त्या खांबाशी भांडत.

"आन् केला खुला तर? तरनी पोरं उगा दात काडत बसतील. एकटा दोघांची भाकर खाईल. काम इसरतील, मान्सं इसरतील. घर इसरतील."

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज दरवेळी उतरायचा. ठरावाला अनुमोदन द्यायला कुणी उठत नसे, म्हणजे नियमानं विषय तिथंच संपला. पण अण्णा हात वर करूनच राहत. "माजा इरोध लिवा, सेक्रेटरी."

आता तुम्हाला वाटेल, गडी पक्का चिलीमबाज असणार. छे! अण्णांनी कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. नळदुर्गच्या किल्ल्यापाशी बैरागी चिलीम ओढत बसलेले दिसले की ते धोतराचा सोगा नाकाला लावून रस्ता बदलायचे. मग हे खूळ कुठून शिरलं, असं विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "दोनी बाजू बगाव्यात मानसानं."

सभा संपली की अण्णा थेट हायवेवरच्या ढाब्यावर. तिथं जेवायला टेकलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला ते ही हकिकत सांगत, तीही खाटेच्या या पायाकडून त्या पायाकडे जात, साभिनय. ड्रायव्हर मांडीवर थापा मारून हसायचे. एकदा मी उमरग्याला दवाखान्यात गेलो, तर कंपाउंडर म्हणाला, "तुम्ही त्या गांजावाल्या सोसायटीचे का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत आल्यावर मी अण्णांना तावातावानं म्हणालो, "तुमच्यापायी उमरग्यापर्यंत लोक हसतायत आपल्याला!"

अण्णांचा चेहरा उजळला. "उमरग्यापत्तुर गेली? आन् त्याच्या पुडं?"

माझा राग कुठल्या कुठं गेला आणि हा माणूस खरंच भ्रमिष्ट आहे की काय, अशी शंका आली.

पुढच्या सभेत घोटाळा झाला. अण्णांनी पहिल्या खांबाला टेकून ठराव मांडला आणि नेमका तेव्हाच पाण्याचा टँकर गावात शिरला. बायकांची आरडाओरड ऐकताच सभासद घागरी घ्यायला उठले. चेअरमनही उठले, कारण त्यांच्याही घरी पाणी नव्हतं. सवयीप्रमाणे त्यांनी विचारलं, "सगळे विषय मंजूर?" आणि सगळी सभा पळता पळता ओरडली, "मंजूर! मंजूर!"

व्हरांड्यात मी आणि अण्णा दोघंच उरलो. गांजा एकमतानं मंजूर झाला होता. अण्णा पांढरेफटक पडले. धडपडत दुसऱ्या खांबापाशी जाऊन त्यांनी हात वर केला. "माजी दुसरी बाजू ऱ्हायली की! इरोध लिवा, सेक्रेटरी, इरोध लिवा!"

दुसऱ्या दिवशी चेअरमनना घाम फुटला. "हे तालुक्याला कळलं तर सगळी बॉडी आत जाईल. नामंजूर लिहा. आणि त्या म्हाताऱ्याला यापुढं उठू द्यायचं नाही."

हे कळलं तसे अण्णा भर दुपारी ऑफिसात आले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "ठराव मोडला, बेस झालं. पर मला मांडू तरी द्या. वर्साला एकदा. पाया पडतो तुमच्या."

"अण्णा, कशासाठी हा हट्ट? सांगा तरी."

त्यांनी टोपीची घडी मोडली. मग म्हणाले, "आमच्या घरातलीच्या पोटात गाठ झाली व्हती. सोलापूरच्या डागदरनं हात टेकले. लई वरडायची वो. मल्लू, आमचं पोरगं, ढाब्यावरनं गांजा आनायचा आन् दुधात उकळून पाजायचा तिला. तवा कुठं तिचा डोळा लागायचा. पर आनता आनता पोरगं सोता वडाया लागलं. शेत सोडलं, ढाब्यावरच पडून ऱ्हायाचं. म्या म्हनलं, ह्या घरात तू ऱ्हाशील न्हायतर म्या. ट्रकात बसून गेला हैदराबादच्या बाजूला. मग तिला कोन आनून देनार? दुखनं आन् पोराचं नाव, दोनी घेऊन वरडत गेली."

मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"दवाखान्यात मिळालं असतं तर पोराला ढाब्यावर जावं लागलं नसतं. आन् ढाब्यावर मिळालंच नसतं तर तिला झोप कशी लागली असती? दोनी बाजू बगतो, सेक्रेटरी. मला काय ते सुटत न्हाय."

"मग ठराव?"

"सादी खबर कोन पुडं नेतंय? हसन्यासारखी असली की लांब जाती. कुठल्यातरी ढाब्यावर मल्लूच्या कानावर पडंल. त्याला कळंल, बाप आता गांजाच्या नावानं मारायला उठत न्हाय. येईल मग. आन् हात वर करतो ते दुसऱ्याच्या पोरांसाटी."

इतकी वर्षं आम्ही ज्याला हसत होतो, तो आम्ही हसावं म्हणूनच उभा राहत होता.

सचिवाला ठराव मांडता येत नाही. पण सभेचा पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचणं, हे सचिवाचंच काम. ते कुणाच्या बापाला टाळता येत नाही. पुढच्या सभेत चेअरमननी अण्णांकडे डोळे वटारून पाहिलं आणि मला वाचायची खूण केली. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात वाचलं, "सिद्रामअण्णांनी गांजा खुला करण्याचा ठराव मांडला. फायदे पुढीलप्रमाणे." सभा हसून लोटपोट झाली. नंतर मी समोरच्या खांबापाशी गेलो आणि गेल्या वेळी राहून गेलेले, मीच लिहून ठेवलेले तोटे वाचले. अण्णांनी हात वर केला. हे सगळं मी त्या दिवसाच्या इतिवृत्तात लिहून टाकलं, म्हणजे पुढच्या वर्षी ते पुन्हा वाचावं लागणार. माझी बदली होईपर्यंत हे असंच चाललं.

इतिवृत्त पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी अण्णांबरोबर मीही ढाब्यावर गेलो. त्यांनी हकिकत सांगितली, पहिला खांब मी झालो. हैदराबादकडे निघालेला एक ड्रायव्हर हसून हसून आलेलं पाणी डोळ्यांतून पुसत ट्रकमध्ये चढला. अण्णा टोपी सावरत त्याच्यामागं धावले. "पुडं बी सांगा बरं का! गावाचं नाव सांगा! माजं नाव सांगा!"

ट्रक दिसेनासा झाला. ऊन चटके देत होतं. मी म्हणालो, "चला अण्णा, घरी जाऊ."

कपाळावर हात धरून ते रस्त्याकडे बघत होते.

"जरा थांबा," ते म्हणाले. "सोलापूरकडनं अजून एक येतोय."