किल्लेदाराच्या रेघा

माझ्या मनात काहीही नसतं. पंचवीस वर्षं लेथ मशीन चालवतोय, मनाला वेळ कुठाय? कारखान्यात पाना फेकला तो मीच, पण भिंतीवर! भिंतीची तक्रार नाही, मॅनेजरसाहेबांची मात्र आहे. "पुरुषांच्या वाचनवर्गाला जा. बाईंचा दाखला आण, मगच मशीनला हात लाव!"

वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत. समुपदेशक बाईंनी एका तापट किल्लेदाराची जुनी, अभिजात कादंबरी हातात ठेवली. "यात पुरुषाचं मन सापडतं. जिथे स्वतः भेटाल, तिथे पेन्सिलीने रेघ मारा."

चारशे पानं! आठवडाभर ती घरच्या टीपॉयवर लोळत होती. वर्गाच्या दिवशी उघडली, तर आत आयत्या रेघा! आधीचा कुणी रडका वाचक सगळं काम करून गेला होता. मी पुस्तक तसंच बाईंना दिलं.

"किल्लेदार ओरडे, कारण त्याचं हळू बोललेलं कधी कुणी ऐकलंच नव्हतं," बाईंनी रेघ मारलेलं वाचलं, डोळे पुसले आणि पुस्तक परत माझ्या हातात दिलं. "किती साठवून ठेवलंत हो! दाखला पुढच्या वर्गाला देते, आधी तुमच्या घरी बोलते."

आणि बायकोला फोन केला! मी पोचलो तर ती दारातच. "अहो, एवढं मनात होतं, मला सांगायचं नाही?" भाजीत मीठ नाही म्हणालो, तर भांडायचं सोडून पाठीवरून हात फिरवला! मेहुण्याचा फोन आला, "भाऊजी, आम्ही आहोत." मी काय मरायला टेकलोय?

शेवटी फुटलोच. "त्या रेघा माझ्या नाहीत! दाखला गेला खड्ड्यात! कुणा रडक्याच्या आहेत त्या!"

"माझ्या आहेत," सासरे पेपर बाजूला करत म्हणाले. ते आमच्याकडेच राहतात. "जावईबापू, तुम्ही वाचणार नाही हे ठाऊक होतं. नोकरी तर टिकायला हवी. म्हणून तुमच्याकडे बघत बघत मारल्या."

"मामा, माझ्या मनात डोकावायला सांगितलं कुणी?"

त्यांनी शांतपणे खोडरबर पुढे केला. "खोटी असेल ती खोडा. सगळ्या खोट्या निघाल्या, तर बाईंना मीच खरं सांगतो. नाहीतर दाखला तुमचाच."

असा राग आला! खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. दोन दिवस झाले. साठ रेघांपैकी एक खोडलीय.

तीही बायकोने परत मारली. पेनाने!